मशीनला न कळलेलं व्हय

मोबाईल कंपन्यांच्या हुशारीचं कौतुक माझ्यासमोर तरी करू नका. परवा माझा जुना नंबर बंद पडायची वेळ आली. कंपनीला फोन लावला, तर मशीन बोललं, "नंबर चालू ठेवायचा असेल तर 'हो' म्हणा."

"व्हय."

"माफ करा, समजलं नाही."

बायको म्हणाली, "अहो, 'हो' म्हणून टाका की. सगळ्या पाहुण्यांकडं हाच नंबर हाय."

"म्हणणार नाय. चंद्रावर यान उतरवतेत, अन् आपल्या गारखेड्यातलं व्हय कळत नाय?"

सत्तावन्नाव्या व्हयला मशीन थकलं. खरीखुरी पोरगी लाईनवर आली, बोलण्यावरून आपल्याच भागातली.

"काका, नंबर चालू ठेवायचा व्हय?"

मी इतका खूश झालो, की तोंडातून निघून गेलं, "येस मॅडम."