चार महिन्यांचं मौन

श्रावण रामटेकेचा घसा निरोगी होता. तरीही चार महिन्यांपासून त्याला आवाज नव्हता. बल्लारपूरच्या एका रॉक बँडचा तो मुख्य गायक. चंद्रपूरच्या दवाखान्यात तो माझ्या समोरच्या बाकावर बसला होता. एका बाजूला आई रुखमाबाई, दुसरीकडे बँडमध्ये ड्रम वाजवणारी रश्मी.

"मी म्हणत होती, इतका बोंबलू नको."

"मावशी, त्याले बोंबलनं नाई म्हणत. तेच आयकाले लोक नागपुराहून येत होते."

"मंग काऊन गेला आवाज?"

"गळा थकला असन. म्हणून तर चार महिने एक शब्द बोलू नाई दिला मी त्याले. सगळं तो फोनवर लिहून सांगते."

"आता काय लिहून राह्यला?"

"नवा गायक पाहिला का म्हणून विचारते. येडा झाला का बे श्रावण? माईक तुह्याच उंचीवर ठेवला हाये अजून."

डॉक्टर छातीचा स्कॅन घेऊन दारात आले.

"खोकला कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून, साहेब. पण आमी गळ्यालेच औषध देत राह्यलो."

"आवाज गाण्यानं गेलेला नाही. डाव्या स्वरतंतूची नस आधी छातीत उतरते, मग घशात वर येते. छातीत फुप्फुसाजवळ गाठ आहे. तिनं ती नस दाबली आहे."

"पण सर, तो चूप होता ना चार महिने!"

"गप्प राहिल्यानं गाठ थांबत नाही. त्या चार महिन्यांत ती वाढली."