गोळी पुरत नाही हे सांगायचं कसं?

...म्हणजे गोळीला दोष देत नाही मी, गोळी बिचारी आपलं काम करते, पण तुम्हाला सांगतो, आम्हा मिनेसोटाच्या माणसांना तक्रारच करता येत नाही हो! वादळात गोठ्याचं छप्पर उडालं तरी आम्ही म्हणणार, ‘चाललंय, तक्रार नाही.’ आणि मला आजार कसला, तर झोपेचा. बसलो की झोपलो. हातात काटा, काट्याला बटाटा, आणि मी घोरतोय!

डॉक्टर बर्गक्विस्टबाईंनी मोडाफिनिल दिली, जागं ठेवणारी गोळी. गाईंच्या धारा काढायच्या म्हणून पहाटेच घ्यायचो, काय ती तरतरी... गाईसुद्धा बिचकायच्या! पण चर्चची घंटा होईस्तोवर उतरलीच. बरं, उशिरा घ्यावी, तर गाईच्या पोटाला डोकं टेकून डुलक्या. गाय सोशिक, म्हणून निभावलं.

अशात माझ्या लेकीला, सिग्नेला, मुलगी झाली. पहिली नात! बाप्तिस्म्याला बाळ आजोबांनी धरायचं, ही आमच्या घरची रीत. सिग्ने शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्हाला डुलकी लागणार असेल तर बाळ मी व्हर्लिनमामाकडे देईन." व्हर्लिन! माझा मेव्हणा! आधीच गावातली निम्मी बाळं बाप्तिस्म्याला त्यानंच धरलीयत. तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आर्मोडाफिनिल घेऊन बघा. फरक काय? तर म्हणे मोडाफिनिलमध्ये डावा-उजवा असे दोन जुळे भाऊ राबतात, डावा लवकर घरी पळतो; आर्मोडाफिनिलमध्ये नुसता उजवा, तो उशिरापर्यंत टिकतो. पण गोळीचे पैसे भरणार विमावाले, आणि त्यांचा नियम असा, की पहिली पुरत नाही असं पेशंटनं स्वतः सांगायचं, मगच दुसरी. आला त्यांचा फोन. गोड आवाजाची मुलगी, कुठल्या तरी लांबच्या राज्यातली. गोळी कशी लागू पडतेय, विचारलंन. आता एवढं आपुलकीनं विचारल्यावर... मी म्हणालो, "चाललंय. तक्रार नाही."

झालं! नव्या गोळीचा अर्ज नामंजूर.

मग आर्डिस, माझी बायको, फोनशेजारी उभीच राहिली. "आता तक्रार कर," म्हणाली. परत फोन लावला. घाम फुटला, घसा खाकरला, डोळे मिटले आणि बोलून टाकलं, "तसं... याहून बरं असू शकलं असतं." अहो, आमच्याकडे याला शिवी म्हणतात! आर्डिसनं तोंडावर हात ठेवला. नशीब माझं, या खेपेला पलीकडे आमच्याच मुलखातली बाई होती. ती इतकी हादरली, की तिथल्या तिथे मंजूर.

बाप्तिस्म्याचा रविवार उजाडला. बाळ माझ्या हातात, आणि माझे डोळे टक्क उघडे. पाणी शिंपडून झालं, आणि पास्टर हाल्वरसन प्रवचनाला उभे राहिले... ते संपेचना. आर्डिस पेंगली, सिग्ने पेंगली, व्हर्लिन तर पुढच्या बाकाला कपाळ लावून घोरत होता. बाळही झोपलं, तोंड उघडं टाकून, अगदी माझ्यासारखं. भरून आलं मला, खोटं कशाला बोलू! अख्ख्या चर्चमध्ये जागा असा मी एकटाच.

ते पास्टरांच्या लक्षात आलं ना. दारात त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत असा ऐकणारा मिळाला नव्हता, म्हणाले. "आता दर शनिवारी दुपारी तुमच्याकडे येईन, प्रवचन आधी तुम्हाला वाचून दाखवीन. चालेल ना?"

आणि ही गोळी तर दुपारीही उतरत नाही हो...

"तक्रार नाही," म्हणालो.