साय धरलेला चहा

मलप्पा चहावाला कोर्टात खोटं बोलला असता, तर पोलीस ठाण्याचा रोजचा चहा त्याच्याकडंच राहिला असता. देगलूरच्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोघी त्याच्याबद्दलच बोलत होत्या.

"अक्का, ते दोन खून फौजदारानंच केले असतील का?"

"देवाला ठाऊक. त्यो म्हनतो, त्या वक्ताला मी ठाण्यात चहा पिऊन राहिलो व्हतो."

"मग?"

"मलप्पानं जजला सांगितलं, 'साहेबाचा ग्लास भरलेलाच परत आला. वर साय धरली व्हती.'"

"वकिलानं उलटं न्हाई विचारलं?"

"विचारलं की! 'इतक्या ग्लासांत तोच कसा ध्यानात राहिला?' तर म्हनतो, 'माझा चहा आजवर दुसऱ्या कुनी टाकला न्हाई.'"

"बाई! काय मानूस हाय!"

"हाव. दोघं जिवानिशी गेले, फौजदार जामिनावर घरी आला, आन् अतिक्रमण म्हनून गाडा उचलला तो मलप्पाचा."