झाकणावरचं पाणी

हॅलो? … हो, मीच, ताई. बोल. … आजही बाबांनी ताट सरकवलं? … आई गेल्यापासून हेच चाललंय त्यांचं. अगं ठमे, रडतेस काय. बस तिथेच, फोन कानाशी धर. आईच्या कढईची गोष्ट सांगते तुला.

काय केलं होतंस? … गाजर, फरसबी. आधी चिरलीस की आधी धुतलीस? … वाटलंच. मग पातेलंभर पाण्यात उकळली असशील. आणि ते पाणी? … म्हणजे सगळा कस मोरीने खाल्ला, बाबांच्या वाट्याला चोथा. … नाही गं, बोलत नाही तुला. त्यांना दात नाहीत म्हणून मऊ केलीस, कळतंय मला.

गाजरं उरलीयेत ना? … हो, हो… अगं ऐक ना. अख्खी धू, मग चिर. जाडसर. सालं काढू नकोस, नुसती घासून घे. कढईत पाणी तळ ओला होण्यापुरतं. वर खोलगट झाकण, झाकणात गार पाणी. वाफ वर जाते, झाकणाला लागून पुन्हा भाजीवरच ठिबकते, त्यातच ती मऊ होते. … तेच झाकण, पोचा आलेलं. काढ ते.

किती वेळ? … आई कुठे घड्याळ बघायची? झाकण ठेवलं की देवाचं गाणं धरायची. गाणं संपलं की गॅस बंद. मधे उचलून बघायचं नाही. … तुला येत नाही? मला येतं.

ठेवलंस? … मग फोन ओट्यावर ठेव, आवाज मोठा कर. … अगं, दवाखान्याच्या जिन्यात उभी आहे, नर्सच्या कपड्यात. बघू देत लोकांना. रजा मिळत नाही, गायला कोण अडवतंय…

… झालं. कर बंद. … ठमे? झाकण उचललंस? … कोण, बाबा? स्वयंपाकघराच्या दारात? … काय विचारताहेत?

…

नाही. 'हो, आई आली' असं म्हणू नकोस त्यांना. सांग, थोरली गात होती. … बसले? मग वाढ. तळाशी राहिलेलं पाणी भाजीवरच ओत. … भरवू नकोस, आपल्या हाताने खाऊ देत. … खाताहेत? … पुन्हा मागितली?

… वास कसा येतोय, सांग ना. … हं. … हं.

चल, पेशंटची बेल वाजतेय. उद्या याच वेळेला कर फोन, गाईन. आणि ऐक, आईची आठवण त्यांना करून द्यायला नको, ती आहेच त्यांना. तू मात्र झाकण उचलताना एकदा माझी काढ. … ठेवते.