वेशीतलं पिंजण

कामरगावच्या थांब्यावर माझ्याशेजारी दोन म्हातारे कारंजाच्या बसची वाट पाहत होते. एकाच्या हातात कापूस पिंजायची धनुकली होती.

"शफीकभाई, डाक्टरनं कापसाले हात लावू नको म्हनलं न तुले?"

"कारंजाच्या जुन्या वेशीत शाळेच्या पोरायले जुनी कामं दाखवतेत, जगदेव. कुंभार चाक फिरवते, मी पिंजतो. पोरं सोता बी पिंजून पाह्यतेत."

"मंग तोंडाले रुमाल तरी बांध."

"बांधला होता. तिथला साहेब म्हने, काढा. जुन्या काळात कोनी बांधत नव्हतं."

"तुहा बाप खोकूखोकूच गेला. ते बी दाखव म्हना."

"तू बी न!"

"मजाक नाही करून राह्यलो. घरीच राह्य."

"घरी कोन येते? समद्यायले गादी दुकानातली पाह्यजे. तुही बी दुकानातलीच हाय."

"पोरानं आनली ते. मी काय करू?"

"तिथं पोरं चूप बसून पाह्यतेत. परवा तर असा खोकला आला, का खालीच बसलो."

"मंग?"

"पोरायनं टाळ्या वाजवल्या. त्यायले वाटलं, हे बी जुन्या काळातलंच हाय."