माघारी आलेलं पातेलं

(शाहूपुरीतली एक खानावळ. दुपारची पंगत उठलीय. वरच्या मजल्यावर ‘हिरवळ गॅस’ कंपनीचं ऑफिस आहे. खानावळीच्या मालकीण आक्का आणि पतसंस्थेतून निवृत्त झालेले, रोजचे जेवणारे बाळासो. वर जेवण वाढायला गेलेला आक्कांचा भाचा जोतीराम नंतर येतो.)

बाळासो : पातेलं घासायच्या आधी मला दाखवा म्हटलं हुतं न्हवं आक्का? आता वर किती खाल्लं ते कळायचं कसं?

आक्का : दाखवायला काय हुतं त्यात? पुसून घेतल्यागत आलं. पांढरा रस्सा तर दुसऱ्यांदा मागवला वरनं.

बाळासो : दुसऱ्यांदा?

आक्का : व्हय. परवा निम्मं पातेलं माघारी आलतं. काल थोडं. आज थेंब न्हाय.

बाळासो : मग सौदा जमतोय. मोडायला बसलेला पावणा वाटी परत पुढं करत न्हाय.

आक्का : ह्येच तुम्ही साऱ्या गल्लीत सांगत फिरलाय. मघाशी भांडीवाला विचारत हुता, ‘आक्का, आज काय उरलं?’ शेअर गॅसचा, आन भाव माझ्या पातेल्यात बघत्यात.

बाळासो : दुसरं बघायचं तरी काय? तीन दिवस दार लावून वाटाघाटी. अहमदाबादची कंपनी आपली हिरवळ घेणार का न्हाय, चेअरमन बोलत न्हाईत, त्यांचा ड्रायव्हर बोलत न्हाय. वर जाऊन खाली येतंय ते एवढं एकच पातेलं.

आक्का : पतसंस्थेत कर्जं पण अशीच वाटली काय हो?

बाळासो : त्याशिवाय का सत्कार करून घरी पाठवलं? बरं, मुद्द्याचं बोला. तुमचे तीनशे शेअर. नव्वदनं घेतो. चेक खिशात हाय.

आक्का : सकाळी सत्तर म्हणत हुता.

बाळासो : सकाळी रस्सा चुलीवर हुता.

आक्का : आन सौदा झाला तर दीडशे मिळतील म्हणून तुम्हीच सांगितलंय लोकांना.

बाळासो : झाला तर. न्हाय झाला तर शेणापासनं गॅस काढणाऱ्या कंपनीचा कागद कोण घेतंय? तुम्हाला गाळ्याचा विसार आजच द्यायचाय. माझं काय, मी थांबतो. जोखीम माझी.

आक्का : आन जमलं तर मलई पण तुमचीच.

बाळासो : मग जोखीम काय फुकट घेऊ?

आक्का : फुकट तुम्ही लिंबाची फोड पण सोडत न्हाईसा. पण खरं हाय तुमचं. गाळा संयोगितावहिनींचा, त्या दिवे लागंस्तवर थांबणार. मग शेजारचा गाळा मोबाइलवाल्याला. आन माझी पंगत हाय तशीच. आठ जेवणार, आठ दारात उभी राहून त्यांच्या घासाकडं बघणार. आणा तो कागद.

बाळासो : ह्यो घ्या. इथं सही. ...च्यायला, ह्या पेनला आत्ताच काय झालं? थांबा, भांडीवाल्याकडनं आणतो. कागद हलवू नका.

जोतीराम : आत्ती, वरची ताटं आणली. बाळासो कुठं पळालं?

आक्का : पेन आणायला. माझे शेअर घेत्यात. जोतीराम, वाढायला तू असतोस, खरं सांग, पावण्यांनी रस्सा वरपला न्हवं?

जोतीराम : पावण्यांनी? ती जैन हायत आत्ती. घरनं खाकरं आणल्यात, लोणच्याबरोबर तेच खात्यात.

आक्का : मग पातेलं कुणी संपवलं?

जोतीराम : आपल्या डायरेक्टरांनी. पावण्यांनी आकडा टाकला की चेअरमनसकट चौघं व्हरांड्यात येत्यात, उभ्यानं वाटीभर पित्यात आन परत आत जात्यात. आज लई वेळा आलं बाहेर.

आक्का : तीन दिवसांत मला सांगावं वाटलं न्हाय व्हय रे?

जोतीराम : पातेलं रिकामं आलं की तू खूश असायचीस. आणखी एक सांगायचं...

आक्का : गप बस. ते आलं.

जोतीराम : कर की सही. त्यांनी विचारलं न्हाय, आपण सांगितलं न्हाय.

बाळासो : घ्या पेन. काय सांगितलं न्हाय?

आक्का : बाळासो, चेक खिशात ठेवा. रस्सा पावण्यांनी न्हाय प्यायला. ती जैन हायत. आपलीच चौघं डायरेक्टर घाबरून पित हुती.

बाळासो : आं?

आक्का : आता किती देताय बोला.

बाळासो : आक्का, सही झाल्यावर सांगितलं असतं तरी मला कळलं नसतं.

आक्का : उद्या माझ्याच पंगतीला बसणार तुम्ही. वाढताना तुमच्या तोंडाकडं कसं बघू? बोला, किती?

बाळासो : पन्नास. तेसुद्धा तुमच्या मटणाकडं बघून.

आक्का : मग र्‍हाऊ द्या. पन्नासात विसारपण निघत न्हाय.

जोतीराम : आता तरी बोलू का?

आक्का : बोल बाबा.

जोतीराम : पावण्यांचे सहा इंजिनीअर उद्यापासनं प्लांटवर मुक्कामाला येणार. पंधरा दिवस सगळं तपासणार. गावाकडचं साधं जेवण पायजे म्हणाले, बिनमटणाचं. दोन टायमाचं. मी म्हटलं, आत्ती करंल. पंधरा दिवसाचे पैसे आगाऊ देत्यात, आत्ता, वर या म्हणाले.

आक्का : आगाऊ?

जोतीराम : चेअरमननी सांगितलं, ह्या बाईंचा हात चांगला हाय.

बाळासो : पंधरा दिवस मुक्काम? नुसतं नाकारायला कोण एवढी माणसं पाठवत न्हाय. आक्का, नव्वद. कागद तसाच हाय.

आक्का : आता इकायचेच न्हाईत. बघायला येणारीत, घ्यायला न्हाय, ते मलाबी कळतंय. पण विसार आगाऊतनं जाईल, शेअर पेटीत र्‍हातील.

बाळासो : पंच्याण्णव.

आक्का : जेवलाय न्हवं? मग जरा झोपा.

बाळासो : आन उद्यापासनं मी बघू काय? पिठल्याचं पातेलं?

आक्का : बघा की. जोतीराम, पैसे घ्यायला मी येते, तू आधी वर जा. पिठल्यात लसूण चालतो का, तेवढं विचारून ये.