हात न लावता उघडणारं कुलूप

नाई नाई, उभे नोका राहू भाऊ, बसा. ते खुर्ची हलते, ह्या निळीवर बसा. अन् तुमचे कुलपं काढा एक एक, मांडा टेबलावर, सोयरीक जुळवाले फोटो मांडतात तसे. हाव, दार लावून घेतलं मी. माकडं येतात. मारेगावात माणसापेक्षा माकडं जास्त झाले, अन् माणसापेक्षा हुशारबी—ते दार ठोकत नाई, इचारत नाई, सीधे सैपाकघरात. काय म्हन्लं? चोरी? नाई बाप्पा, चोरीगिरी काही झाली नाई. आमच्या घरी चोर आला तं बिजलीबाई त्याले चहा पाजीन अन् गुडघ्याचे एक्सरे दाखवीन, अर्ध्या घंट्यानं तो सोताहून पळून जाईन. बिजलीबाई म्हणजे आमच्या घरच्या. तिकडच्या खोलीत झोपून आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पंधरा दिवस झाले, डॉक्टर म्हणते अजून दोन आठोडे उठाचं नाई. तोंडाचं ऑपरेशन नाई झालं, ते चालू आहे, आईकू येईनच तुमाले.

तं हे पहिलं—हे तोंड पाहून उघडते म्हणता? कॅमेरा आहे यात? वा. आपल्याइकडे तं तोंड पाहूनच दार बंद करतात लोकं, अन् तुम्ही उलटं घेऊन आले. मी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो भाऊ. फुलचंद आडे, कोनालेबी इचारा राळेगाव ते वणी. दिवसातून दोनशे खेप दार उघडलं. कोनाचं तोंड पाह्यलं नाई. बकरी घेऊन आला, या. कोंबड्या घेऊन आली, या. पिऊन आला, या, पन मागं बसा. कोन कोन्या जातीचा, कोन्या घरचा—कधी इचारलं नाई. बरं ते जाऊ द्या. अंधारात चालते का हे? चष्मा बदलला तं? चार वर्षांत माणूस बारीक झालं, जाड झालं तं? नाई, असंच इचारलं. कोनासाठी म्हणजे? कोनासाठी नाई. कुलूप आहे, इचारावं लागते.

दुसरं आकड्याचं. सहा आकडे दाबा अन् या. बाहेरून दाबाचे नं? अंदरच्या माणसाले उठावं लागत नाई? हे बेस आहे. पन मले सांगा, ज्याले याचं आहे त्याले ते आकडे सांगाचे कोनं? म्हणजे माणूस माणसासंग बोलतच नसन, फोनबी करत नसन, तं आकडे काय पाखरू घेऊन जाते? बिजलीबाईले म्हन्लं, तुम्ही सांगून द्या. तं म्हणते, मी नाई सांगत. तुमचं दार, तुमचे आकडे, तुमचं तोंड. आईकलं? हे असं आहे. तिसरं मोबाईलचं—सुनील म्हणे हेच घ्या बाबा. सुनील आमचा पोरगा, पुण्याले असते, कॉम्प्युटरमधी. तिथं बसून तो इथलं दार उघडीन म्हणते. त्याले मारेगावची लाईन माहीत आहे का? इथं दिवसातून चार खेप लाईट जाते, नेट तं सासुरवाशिणीवानी, आलं तं आलं. अन् तो मीटिंगमधी असते. दारात माणूस उभं, अन् याची मीटिंग संपून राह्यली.

साधी चाबी द्या म्हणता? भाऊ, तुम्ही कुलपं इकाले आले का कुलपं नोका घेऊ म्हणाले आले? चाबी द्याले हात लागत नाई का? अन् दार नुसतं लोटून ठेवा म्हणान, तं तेबी नाई जमत. ते लोटून ठेवाले आधी कोनीतरी उघडावं लागते नं. मले असं कुलूप पायजे का त्याले माहा हात लागू नाई. बस्स. आता तुम्ही हसले. हसा. वणीचे आहे तुम्ही, तुमाले तांड्यातलं काय समजते.

सांगतो. आमचा बंजाऱ्याचा तांडा इथून सात किलोमीटर. तिथं नायक असते, तांड्याचा मोठा माणूस, लगन असो, भांडण असो, त्याच्यासमोर मिटते. चार वर्षांआधी मी त्या उकंडा नायकासमोर, पंचांसमोर, सेवालाल महाराजाची आण घेतली. काय आण? का ह्या हातानं मी तिच्यासाठी दार उघडणार नाई. तिच्यासाठी म्हणजे—आमची पोरगी आहे एक. संगीता. तिनं कोर्टात लगन केलं. धम्मरत्न नाव आहे पोराचं, बौद्धाच्या घरचा, वणीले कोळशाच्या खाणीत वजनकाट्यावर बाबू आहे. पोरगा वाईट नाई. दारू नाई, खर्रा नाई. माहं काही म्हणनं नोतं—तांड्याचं होतं. नायक म्हणे, फुलचंद, तू शिकला-सवरला, तूच ढिला पडला तं बाकीच्याईनं काय करावं? मले जोश आला. घेतली आण. बस थांबली नाई, मीच उडी मारली.

अन् आता मजा आईका. मांगच्या साली त्याच उकंडा नायकाच्या नातीनं पुण्याले लगन केलं. पोरगा कोन, कोन्या जातीचा, तांड्यात कोनालेच माहीत नाई, अन् नायक रिसेप्शनले फेटा बांधून पहिल्या लायनीत! फोटो आहे व्हाट्सपवर, दाखवतो. मी गेलतो त्याच्याकडे. म्हन्लं, नायक, माही आण? तं म्हणे, फुलचंद, जमाना बदलला, पन तुही आण तं तुही आहे बाबा, ते मी कशी सोडू? घ्या! सांगणारा गेला रिसेप्शनले, अन् आईकणारा बसला कडी धरून. पन शब्द म्हणजे शब्द. बत्तीस वर्षांत एक तिकीट खोटं फाडलं नाई ह्या हातानं.

नाई, ती येत नाई असं नाई. येत होती. दर रविवारी अकराले मी तांड्यात जात होतो, वावर पाहाले. वावर काय पळून चाललं होतं का? पन जात होतो. दोनले वापस येत होतो. तेवढ्यात घरात नवी चहापत्ती दिसे, बिजलीबाईच्या केसाले तेल लागलेलं दिसे, लसणाची चटणी दिसे. मी कधी इचारलं नाई, बिजलीबाईनं कधी सांगितलं नाई. आण कायची होती? माह्या हाताची. बिजलीबाईच्या हाताची नोती. चार वर्षं कसं मस्त चाललं होतं! साऱ्या गल्लीले माहीत होतं, फक्त मले माहीत नोतं. मंग हा गुडघा आला मधात.

म्हन्लं, बिजलीबाई उठू नाई शकत, आता काय करावं? तं ही बाई म्हणते—वाकर आहे तिच्याजवळ भाऊ, चालता येते चार पावलं, मी पाह्यलं आहे—पन म्हणते, मी आता उघडणार नाई. गुडघे नीट झाले तरी नाई. म्हणे चार वर्षं तुमची आण मी वाह्यली, ह्याच्यातच गेले माहे गुडघे, आता तुम्ही पाहा. ऑपरेशन गुडघ्याचं झालं अन् अक्कल हिची उघडली. अन् पोरीले फोन करून हेबी नाई सांगितलं का येऊ नोको. मुद्दाम! तं मांगच्या रविवारी—मी गेलतो वावराकडे, नेहमीसारखा. पन मन लागलं नाई, साडेअकरालेच वापस आलो. तिकडच्या कोपऱ्यावर प्रेमचा पानठेला आहे, तिथं थांबलो. तं दारात एक बाई उभी. हातात डबा. उन्हात. डोक्यावर पदरबी नाई घेतला, अशी उभी. एकदा ठोकलं, अन् मंग ठोकलं नाई. नुसती उभी. अंदर ही झोपलेली, डोळे उघडे ठेवून. बाहेर ती. अन् मी ठेल्यावर, पानाले कात लावून राह्यला प्रेम, तो माह्याकडे पाहे, अन् मी रोडकडे पाहो. पाऊण घंटा भाऊ. मंग तिनं डबा पायरीवर ठेवला, गाडीले किक मारली—सेल्फ खराब आहे तिच्या गाडीचा, नवऱ्याले सांगून दुरुस्त काहून करत नाई काय माहीत—अन् गेली. मंग मी गेलो. माही लॅचची चाबी काढली, माह्याच हातानं दार उघडलं, अन् डबा अंदर आणला. तवा आण मोडली नाई पाहा! कारण ती गेलती. कायदा म्हणजे कायदा.

खाल्ला नं. खाल्ला काहून नाई? वांग्याची भाजी होती. डबा पुसून खाल्ला. तवापासून मले झोप नाई. मी बिजलीबाईले बोललो नाई, पन तुमाले सांगतो, तुम्ही काय, आज आले, उद्या जान—माहं चुकलं भाऊ. पोरगी उन्हात उभी होती अन् मी पान खाऊन राह्यलो होतो. म्हनून तुमाले फोन केला. आजच या म्हन्लं, रविवारी, अकराच्या आधी.

तं हे बोटाचं सांगा. हेच पायजे मले. तिनं आपलं बोट लावलं, दार उघडलं, मी कुठं आलो मधात? मी आपला पेपर वाचून राह्यलो. मशीननं उघडलं. नायकाले म्हणतो, जा, मशीनवर पंच बसव. बिजलीबाईचं बोट राशनच्या मशीनवर लागत नाई, चालते, तिचं नाई पायजे. फक्त पोरीचं एक बोट मशीनमधी भरा. किती येळ लागते? चार पेन्सिल सेल, दहा मिनिटं, झालं.

काय? परत सांगा. आधी मालकाचं बोट? म्हणजे माहं? आधी माहं बोट भराचं, मंग पोरीचं बोट भराच्या येळेस पुन्हा मीच बोट लावून मशीनले सांगाचं का हाव, हिले अंदर येऊ दे? माह्या बोटाबिगर ते कोनाचंच बोट घेणार नाई? अन् दुसरा कोनी मालक नाई चालत? हसू नोका हो बिजलीबाई तिकडून! आईकलं भाऊ, कशी हसून राह्यली? तुमची मशीनबी तिच्याच पार्टीत गेली. पंधरा हजाराची मशीन अन् ते तेच म्हणते जे माही बायको फुकटात म्हणते.

थांबा. गाडी आली. तिचीच आहे, तो आवाज मी ओळखतो. भाऊ, असं करा—तुम्ही उठा. तुम्ही कुलूपवाले आहे, दार पाहाले आले, तुमाले दार उघडून पाहाच लागते नं? पाहा मंग. माप घ्या, काहीबी करा, उघडा. काय हो बिजलीबाई? "भाऊ, हात नोका लावू"? पाहुण्या माणसाले असं म्हणतात का? अन् तुम्हीबी बसले, अजी ते काय तुमची मालकीण आहे?

ठोकलं.

ते दुसऱ्यांदा ठोकत नाई भाऊ. माह्यावर गेली. एकदाच ठोकते, मंग डबा ठेवते. आईका—पायरीवर... डबा ठेवला नं तिनं? ठेवला. ए संगीता! थांब वं! थांब माय, जाऊ नोको, आलो—हे अंदरच्या कडीचं अल्ड्रॉप अटकून राह्यलं, चार वर्षं तेल नाई घातलं याले—बसा भाऊ तुम्ही! नोका लावू हात. नोका लावू म्हन्लं नं. मीच काढतो.